पत्ते : हातांतले व कांचेवरचे

शाळेच्या वार्षिक अंकांत पत्त्यांवरील लेख पाहून कित्येक पालकांच्या भुवया वर चढतील व कित्येक विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतील, हें आम्ही जाणून आहों. दोघांनींही क्षणभर धीर धरावा. पालकांस आमची विनंति अशी कीं, हा लेख पत्त्यांची तरफदारी करण्यासाठीं लिहिलेला नाहीं; आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, तो त्यांची निंदा करण्यासाठींही लिहिलेला नाहीं. गतवर्षीं या खेळानें आम्हांस सहा आठवडे साथ दिली, व त्याच सहा आठवड्यांत एक गोष्ट आमच्या दृष्टीआड केली. त्या दोहोंचा जमाखर्च प्रामाणिकपणें मांडावा, इतकाच आमचा हेतु आहे.

गतवर्षीं श्रावणांत आम्ही मुरुमास आमच्या वडिलोपार्जित घरीं गेलों असतां ओल्या फरशीवर पाय घसरला व घोट्याचें हाड मोडलें. प्लास्टर घालण्यांत आलें. सहा आठवडे पाय जमिनीस टेकावयाचा नाहीं, अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. शाळेकडे रजेचा अर्ज पाठविला व ओसरीवरील खाटेवर पडून राहिलों. उडीद-मुगाची काढणी जवळ आलेली. घरचीं माणसें दिवसभर रानांत. आढ्याच्या तुळया मोजण्याखेरीज आम्हांस दुसरा उद्योग नव्हता. पुतण्यास आमची दया आली. त्यानें आमच्या मोबाईलवर पत्त्यांचें एक ॲप उतरवून दिलें व म्हणाला, "काका, हें खेळत बसा. याला जोडीदार लागत नाहीं." त्या वेळीं तें वाक्य आम्हांस मोठें सोयीचें वाटलें.

सॉलिटेअर या नांवानें आज ओळखला जाणारा हा खेळ मराठी घरांत अगदींच नवा नाहीं. दुपारच्या वेळीं एकटेच बसून 'पेशन्स' लावणारीं वडील माणसें कित्येकांनीं पाहिलीं असतील. ५२ पानांपैकीं २८ पानें सात रांगांत मांडावयाचीं. पहिल्या रांगेंत एक, दुसरींत दोन, याप्रमाणें सातवींत सात. प्रत्येक रांगेचें शेवटचें पान तेवढें उघडें. तांबड्यावर काळें व काळ्यावर तांबडें असें उतरत्या क्रमानें लावीत जावयाचें, उरलेल्या २४ पानांतून उपयोगीं पडेल तें उचलावयाचें, आणि शेवटीं इस्पिक, बदाम, चौकट व किलवर हे चारी रंग एक्क्यापासून राजापर्यंत आपापल्या जागीं नेऊन पोंचवावयाचे. कॉम्प्युटर घरोघरीं आले तेव्हां हा खेळही त्यांच्याबरोबर आला. १९९० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज ३.० ही प्रणाली काढली, तींत तो प्रथम दिसूं लागला. वेस चेरी नांवाच्या एका उमेदवारी करणाऱ्या तरुणानें तो रचिला होता, व पत्त्यांचीं चित्रें सुझन केअर या चित्रकर्त्रीनें काढिलीं होतीं. माऊस हें साधन त्या काळीं बहुतेकांस अपरिचित होतें; पान धरून उचलावें व ओढीत नेऊन दुसरीकडे ठेवावें, या खेळानेंच कित्येकांचा हात त्यावर बसला.

आतां गुण पाहूं. पहिला गुण निःपक्षपाताचा. आपण पत्ते दोन-तीनदां पिसतों व लगेच वाटावयास लागतों. त्यामुळें मागील डावांतील जोड्या पुष्कळदां एकत्रच राहतात. जोडाचे दोन भाग करून ते एकमेकांत मिसळण्याची जी रीत आहे, तिनें पानें चांगलीं मिसळावयाचीं तर सुमारें सात वेळां पिसावें लागतें, असें डेव्ह बेयर व पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनीं १९९२ सालीं दाखवून दिलें. यंत्रास हा कंटाळा नाहीं. रोनाल्ड फिशर व फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनीं १९३८ सालीं एक रीत छापली होती. जणूं चिठ्ठी टाकून एक पान निवडावें, तें बाजूस ठेवावें, उरलेल्यांतून पुन्हां एक निवडावें, व असें शेवटच्या पानापर्यंत करावें, ही ती रीत. तिचेंच सुधारलेलें रूप संगणकांत वापरतात. आणि ५२ पानें किती निरनिराळ्या क्रमांनीं लागूं शकतात म्हणाल, तर ८ या आंकड्यावर ६७ शून्यें द्यावीं, सुमारें तितक्या! चांगला पिसलेला डाव या जगांत पूर्वीं कधीं कोणाच्या हातीं आला असेल, हा संभव जवळजवळ नाहींच.

दुसरा गुण विचारास चालना देण्याचा. १९४६ सालीं स्टॅनिस्लॉव्ह उलाम हा गणितज्ञ मोठ्या दुखण्यांतून उठत असतां अंथरुणांत पेशन्स लावीत असे. हा डाव सुटण्याचा संभव किती, असा प्रश्न त्याच्या मनांत आला. गणितानें उत्तर काढूं गेला तों तें फारच किचकट. मग त्यास सुचलें कीं, नुसता हिशेब करीत बसण्यापेक्षां डाव शंभर वेळां मांडून किती सुटतात तें मोजलें तर काय वाईट? या साध्या विचारांतून, जॉन फॉन नॉयमन या दुसऱ्या थोर गणितज्ञाच्या साह्यानें, 'मॉन्टे कार्लो' नांवाची पद्धति उदयास आली, व आज पदार्थविज्ञानापासून अर्थशास्त्रापर्यंत तिचा उपयोग होतो. आम्हीही अंथरुणांतच होतों. परंतु असा कांहीं शोध आमच्या हातून लागला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

याच जातीचा फ्रीसेल म्हणून एक खेळ आहे. त्यांत सर्व पानें आरंभापासून उघडीं असतात. नशिबावर बोट ठेवावयास जागा नाहीं. विंडोजमधील जुन्या फ्रीसेलांत क्रमांक घातलेले ३२,००० डाव होते. हौशी लोकांनीं ते आपसांत वांटून घेऊन एकेक करून सोडविले. केवळ ११९८२ क्रमांकाचा डाव कोणासही सुटला नाहीं, व तो सुटण्याजोगा नाहींच असें पुढें संगणकानेंही ठरविलें. गणिताचा पेपर हातीं पडतांच "हें सुटत नाहीं, सर" म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. ३२,००० अवघड डावांत न सुटणारा फक्त एक होता.

तिसरा गुण दुबळ्यांच्या उपयोगीं पडण्याचा. ज्याचा हात कांपतो, ज्यास पानें धरवत नाहींत, ज्यास बारीक आंकडे दिसत नाहींत, त्यास कांचेवरचीं मोठीं पानें एका बोटानें सरकवितां येतात. रात्रीं अडीच वाजतां ठणक्यानें झोंप मोडली असतां कोणास हाक मारावी? त्या घटकेस या ॲपानें आमची जी सोबत केली, तिचें ऋण आम्ही नाकारणार नाहीं.

परंतु जमेची बाजू येथें संपते, व आतां खर्चाची मांडली पाहिजे.

या कांचेवरच्या डावांत 'मागें घ्या' अशी एक सोय असते. चुकीचें पान टाकलें कीं बोट लावावें, पान निमूटपणें परत येतें. प्रथम आम्ही ती सोय क्वचित् वापरीत होतों. पुढें पुढें विचार करण्याचेंच सोडलें, कारण चूक फुकट होती. पुष्कळ ॲपांत तर खात्रीनें सुटणारेच डाव निवडून घेण्याचीही मुभा असते. पेशन्स म्हणजे धीर. ज्या डावांत हरण्याची शक्यताच नाहीं, त्यांत धीर कसला धरावयाचा?

दुसरा दोष असा कीं, या खेळास शेवट नाहीं. हातांतला डाव संपला म्हणजे पानें गोळा करावीं लागतात, पिसावीं लागतात. तेवढ्यांत चुलीवर दूध ऊतूं जातें, कोणी हाक मारतें, किंवा आपल्यालाच वाटतें कीं आतां पुरे. यंत्र तेवढी फट ठेवीत नाहीं. डाव संपतांच निमिषांत दुसरा मांडलेला असतो. त्यावर आज इतके तारे मिळाले, सलग इतके दिवस खेळलांत, उद्यां खंड पडूं देऊं नका, असा आग्रह. आणि दोन डावांच्या मध्यें जाहिरात. पुष्कळशीं ॲपें फुकट मिळतात तीं अशीं. पैसा देतो तो जाहिरातदार, आणि त्यास विकला जातो तो आपला वेळ. आम्ही वाचावयास म्हणून चार ग्रंथ उशाशीं ठेवले होते. सहा आठवड्यांनीं त्यांपैकीं एकाचीं अठरा पानें वाचून झालीं होतीं.

तिसरा दोष मोठा भयंकर आहे, व त्याचा उल्लेख पालकांसाठीं करतों. पैसे लावून खेळावयाचीं रमीचीं ॲपें गेल्या कांहीं वर्षांत खेडोपाडीं पोंचलीं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला होता. पण कौशल्याचा खेळ म्हणून घरांतील शिल्लक कांचेवर लावावी, असा त्याचा अर्थ कोणीं काढला तर तो त्या घराचा घात होय. ऑगस्ट १९२५ नव्हे, तर अगदीं परवां, ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेस कायदा करून पैशांच्या अशा ऑनलाईन खेळांस, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई करावी लागली, व त्यांच्या जाहिरातींसही बंदी घालावी लागली. सभापर्वांतील द्यूत ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस या बाबतींत अधिक सांगणें नलगे. धर्मराजाचा दोष इतकाच होता कीं, त्यास पटावरून उठतां आलें नाहीं.

आतां चौथा दोष, व त्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला.

पत्ता ही वस्तु मुळांत माणसांनीं समोरासमोर बसून खेळावयाची आहे. आपल्या सावंतवाडीस लाखेचें काम करणारे कारागीर दशावतारी गंजिफा हातानें रंगवितात. त्या जोडांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, अशीं एकूण १२० वाटोळीं पानें असतात. वाटोळीं असोत वा चौकोनी, पानें हातीं धरून माणसें मांडीस मांडी लावून बसत, आणि पानांइतकेंच एकमेकांचे चेहरे पाहत. कांचेवरच्या खेळांत पाहावयास चेहरा नाहीं.

आमचे थोरले चुलते, ज्यांस आम्ही आप्पा म्हणतों, त्यांजवळ पत्त्यांचा एक जुना जोड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशीं अनंतचतुर्दशीचें गणेशविसर्जन झालें होतें. आमच्या उमरगा तालुक्यांतील व शेजारच्या औसा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. मुरुमास आमच्या घराच्या भिंतीस मोठा तडा गेला. पण माणसें बचावलीं. पुढें कित्येक आठवडे छपराखालीं निजावयास कोणी धजेना. अंगणांत ताडपत्री बांधून सर्व कुटुंब बाहेर निजे. आम्ही त्या वेळीं दहा वर्षांचे होतों. अंधार पडला कीं आम्हां मुलांच्या पोटांत गोळा येई. तेव्हां आप्पांनीं हा जोड काढिला. कंदिलाच्या उजेडांत ते रोज बदाम सात मांडीत. जमीन पुन्हां जराशी हलली, तर स्वतः न हलतां ते म्हणत, "पानं धरा रे घट्ट!" आम्ही पानें घट्ट धरीत असूं, व पुढचें पान कोण उतरतो याच्या विवंचनेंत भीति विसरत असूं.

त्या धांदलींत किलवरची चौकी हरवली. आप्पांनीं एका लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापला, त्यावर शाईनें चार किलवर काढले, व जोड पुरा केला. पण चौकीची पाठ निराळी पडली. ती कोणाच्या हातीं आहे हें सर्वांस दिसे. त्यावर आप्पांनीं नियम केला कीं, चौकीची पाठ दिसली तर मान वळवावयाची. पाहिलें असें दाखवावयाचें नाहीं. आमच्या घरांत तीस वर्षें हा नियम कोणीं मोडला नाहीं. प्रामाणिकपणा म्हणजे काय, हें आम्हांस पाठ्यपुस्तकापूर्वीं त्या चौकीनें शिकविलें.

तर गतवर्षीं आम्ही खाटेवर पडलों असतां आप्पा रोज दिवेलागणीस तो जोड घेऊन ओसरीवर येत. "बसतो का रे एक डाव?" असें विचारीत. पहिले दोन-तीन दिवस आम्ही खेळलों. मग ॲपाची गोडी लागली. आप्पा आले कीं आम्ही मान वर न करतां म्हणत असूं, "आप्पा, एवढा डाव होऊं द्या." ते खाटेच्या पायथ्याशीं बसून राहत, थोड्या वेळानें "पाय कसा आहे?" म्हणून विचारीत. आम्ही "बरा आहे" म्हणत असूं. पुन्हां थोड्या वेळानें ते तेंच विचारीत, व आम्ही तेंच उत्तर देत असूं. मग ते जोड खिशांत घालून उठून जात. आमच्या हातांतला डाव बहुधा संपलेला नसे.

पायाचें प्लास्टर निघालें. दसरा आला. सोनें वाटून झाल्यावर मुलांनीं हट्ट धरला व आप्पांनीं जोड काढिला. पानें वाटून झालीं. बदाम सातचा खेळ बदामाच्या सत्तीनें सुरू होतो, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. पण सत्ती कोणी उतरेना. सर्वांनीं आपापलीं पानें पुन्हां पाहिलीं. सत्ती आप्पांच्या हातांत होती, डावीकडून तिसरी. त्यांनीं तिच्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, व हळूच विचारलें, "कुठलं उतरायचं असतं रे?"

सोलापुरास नेऊन तज्ज्ञ डॉक्टरांस दाखविलें. स्मृतिभ्रंशाचा आरंभ आहे, असें त्यांनीं सांगितलें, व विचारलें, "हें केव्हांपासून आहे?" कोणासच सांगतां येईना. काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तूच तर रोज संध्याकाळीं त्यांच्याजवळ होतास. तुला कांहीं जाणवलं नाहीं का रे?"

काकूंच्या बोलण्यांत राग नव्हता. त्यांना खरोखरीच उत्तर हवें होतें. आमच्याजवळ तें नव्हतें. ॲपाजवळ मात्र त्या सहा आठवड्यांचा चोख हिशेब होता. एकूण डाव ६३८, त्यांपैकीं जिंकलेले २११, सर्वांत जलद डाव किती सेकंदांत संपला, तोही. त्याच दिवसांत दोन हातांच्या अंतरावर बसलेलें आमचें माणूस एकच प्रश्न दोनदां विचारूं लागलें होतें, याची नोंद कोठेंही नव्हती.

अधिक लवकर कळतें तर आजार टळला असता, असें नव्हे. डॉक्टरांनींही तसें म्हटलें नाहीं. पण भाद्रपदांत आप्पा एकदां रानांतून घरीं येतांना वाट चुकले होते व घरच्या मंडळींनीं ती गोष्ट हसण्यावारी नेली होती, तेव्हां तरी आम्ही सावध झालों असतों. त्यांस एकट्यानें जाऊं दिलें नसतें. निदान, ज्या संध्याकाळीं त्यांस डाव नीट आठवत होता, त्या संध्याकाळीं आम्ही त्यांच्याशीं खेळलों असतों.

यांत यंत्राचा दोष आहे काय? यंत्रानें आम्हांस "मान वर करूं नका" असें कधींही सांगितलें नाहीं. दोष आमचाच. पण मान वर न करणें त्यानें अतिशय सोपें करून ठेविलें होतें, इतकें म्हणण्यास हरकत नसावी.

आम्ही तें ॲप काढून टाकलें नाहीं. शनिवारीं शाळा सुटली कीं मुरुमास जातों. बस महामार्ग सोडून गांवाकडे वळेपर्यंत एक-दोन डाव खेळतों, व तेथें मोबाईल पिशवींत ठेवतों. सकाळच्या वेळीं काकू आप्पांसही मोठ्या अक्षरांचा तोच खेळ लावून देतात. तांबड्यावर काळें कधीं जमतें, कधीं जमत नाहीं. यंत्र रागावत नाहीं, थकत नाहीं, व काकूंस स्वयंपाकास तेवढी सवड मिळते. हाही त्याचा उपकारच. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, कांचेवरचा डाव जरूर खेळावा. पण किती डाव खेळावयाचे हें मोबाईल हातीं घेण्यापूर्वीं ठरवावें, आणि समोर कोणी येऊन बसलें तर तो डाव जेथें असेल तेथें ठेवावा. तो अर्धवट राहिल्यानें कोणाचेंही नुकसान होत नाहीं. पालकांसही तेंच सांगणें आहे. कारण 'एवढा डाव होऊं दे' हें वाक्य मुलें बहुधा आपल्याकडूनच उचलतात.

गेल्या शनिवारीं संध्याकाळीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. आप्पांस आतां कोणाची पाळी आहे तें सांगावें लागतें, व मध्येंच ते आम्हांस आमच्या वडिलांच्या नांवानें हाक मारतात. त्या डावांत किलवरची चौकी आमच्या हातीं आली होती. पानें लावतां लावतां तिची पाठ त्यांच्याकडे झाली. आप्पांनीं ती पाहिली, आणि लगेच मान वळवून अंगणाकडे पाहत बसले.